ध्यानात डुलकी लागते, म्हणजे मन कमकुवत आहे का?

"मॅडम, पहाटे साडेचारला ध्यानाला बसते आणि पाच मिनिटांत डुलकी लागते. माझे मनच कमकुवत आहे का?" हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो. डिसेंबरमध्ये ठाण्यातील माझ्या केंद्रात आलेल्या, ऐरोलीच्या आयटी कंपनीत काम करणाऱ्या एका महिलेनेही तोच विचारला. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मनाविषयी बोलण्याआधी मी त्यांना आठवडाभराच्या झोपेची नोंद ठेवायला सांगितली. नोंदीतून कारण दिसले. न्यूयॉर्कच्या वेळेनुसार सकाळी अकराला होणारी त्यांची कामाची ऑनलाइन बैठक उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला असते. नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळे एक तास मागे गेली की तीच साडेनऊवर येते. त्यानंतर जेवण, मग अंथरुणात मोबाइल, आणि झोप साडेबारानंतर. गजर मात्र बारा महिने साडेचारचाच. चार तासही न झोपलेले शरीर डोळे मिटताच झोपले, तर त्यात मनाचा काय दोष?

"पण ब्राह्ममुहूर्त चुकवायचा कसा?" ही त्यांची खरी अडचण होती. ब्राह्ममुहूर्त सूर्योदयाच्या 96 मिनिटे आधी सुरू होतो, आणि ठाण्यात जूनच्या आरंभी सहाच्या सुमारास होणारा सूर्योदय जानेवारीत सव्वासातपर्यंत पुढे सरकतो. म्हणजे डिसेंबरातले साडेचार परंपरेच्या हिशेबानेही फार लवकरचे. शिवाय आयुर्वेदाने हा सल्ला निरोगी माणसाला दिला आहे, झोपेची थकबाकी असलेल्याला नव्हे.

म्हणून आम्ही सकाळ सोडून रात्रीपासून सुरुवात केली. जेवण बैठकीच्या आधी घ्यायचे, बैठकीनंतर घरात मंद पिवळा दिवा ठेवायचा आणि फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावायचा, कारण पडद्याचा निळसर प्रकाश झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन दाबतो. सकाळी साडेसहाला उठून, उजाडल्यावर फोन न घेता उपवन तलावाकाठी फेरी मारायची आणि मग पंधरा मिनिटे ध्यान करायचे. पावसाळ्यात फेरी जमली नाही तर बाल्कनीत बसायचे. ढगाळ आकाशाचा उजेडही खोलीतील दिव्यापेक्षा कितीतरी जास्त असतो.

डुलक्या हळूहळू कमी झाल्या. मार्चमध्ये बैठक पुन्हा साडेआठला आली, तेव्हा सुटलेला तास मालिकांना न देता त्यांनी झोपेला दिला आणि उठण्याची वेळ सूर्योदयाबरोबर थोडी थोडी अलीकडे आणली. मात्र पुरेशी झोप होऊनही दिवसा पेंग येत असेल किंवा झोपेत मोठ्याने घोरण्याची सवय असेल, तर ध्यानाची वेळ बदलत बसण्याआधी डॉक्टरांना दाखवावे.