आवळ्याच्या रसात करिअर आहे का?

पत्र: मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी कार्बनचे इलेक्ट्रोड बनवून आवळ्याच्या रसातलं क जीवनसत्त्व मोजते. तिचे बाबा म्हणतात, यात पोट भरणार नाही. काय करावं? – एक आई, सांगली

ताई, नमस्कार.

आवळा बाजूला ठेवा, इलेक्ट्रोडकडे बघा. क जीवनसत्त्व टायट्रेशननेही, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंबाथेंबानं रसायन घालून, मोजता येतं, पण रस जांभळाचा किंवा कोकमाचा असला की रंग कधी बदलला तेच कळत नाही. इलेक्ट्रोडला रंगाचा अडसर नाही. क जीवनसत्त्वाचा रेणू इलेक्ट्रोडला दोन इलेक्ट्रॉन देतो, त्यांचा प्रवाह मोजायचा. मात्र साध्या कार्बनवर त्यासाठी व्होल्टेज जास्त लागतं. रक्ताचा नमुना असेल तर त्याच व्होल्टेजच्या सुमाराला युरिक ॲसिडही प्रवाह देऊ लागतं आणि दोघांची सरमिसळ होते. म्हणून ग्रॅफाइटची पूड आणि पॅराफिन तेलाच्या पेस्टमध्ये फेरोसीन किंवा कोबाल्ट थॅलोसायनिनसारखं इलेक्ट्रॉन सहज वाहून नेणारं संयुग मिसळतात. मग कमी व्होल्टेजवर काम भागतं. कार्बन पेस्टची ही मूळ युक्ती अमेरिकेतल्या राल्फ ॲडम्स यांची, १९५८ची.

तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल तर ग्लुकोमीटरची पट्टी पाहिली असेल. बऱ्याच पट्ट्यांत हेच तत्त्व असतं: छापलेला कार्बन, त्यावर एन्झाइम आणि इलेक्ट्रॉन वाहून नेणारा मध्यस्थ. शिरेतून क जीवनसत्त्वाचा मोठा डोस दिलेल्या रुग्णाची साखर काही मीटर खोटीच जास्त दाखवतात. असं का होतं, हे तुमची लेक आजही समजावून सांगू शकेल. तिच्या बाबांना तिच्याच तोंडून ऐकू द्या.

आता नोकरीचं स्पष्ट सांगतो. औषध कंपन्यांच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणीत) आणि अन्न तपासणीच्या लॅबमध्ये एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र, चालवता येणाऱ्याला आधी विचारतात, इलेक्ट्रोड बनवणाऱ्याला नाही. त्यामुळे ॲनालिटिकल केमिस्ट्रीत एम.एस्सी. करताना एचपीएलसीवर हात बसलाच पाहिजे. आयआयटीत एम.एस्सी. करायची तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. संशोधनाची ओढ असेल तर पुढे नेट-जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.साठी शिष्यवृत्ती मिळवून देणारी परीक्षा. तमिळनाडूत कराईकुडीला सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेची सेक्री ही संस्था याच विषयाची, म्हणजे इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची आहे, पुण्यात एनसीएल ही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. ती वाट पाच-सहा वर्षांची आहे, घरची तयारी हवी.

तोवर प्रोजेक्ट घाईनं गुंडाळू देऊ नका. जीवनसत्त्वाचं द्रावण हवेनं खराब होतं, ते रोज ताजं करायचं. तोच रस टायट्रेशननेही मोजून दोन्ही आकडे वहीत शेजारीशेजारी लिहायचे. एम.एस्सी.च्या मुलाखतीला ती वही सोबत न्यायला सांगा.