मुलांचा षड्ज शोधताना

पत्र : मी संगीताच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. बारा वर्षं शास्त्रीय गायन शिकते आहे, काळी चारमध्ये गाते, म्हणजे माझा षड्ज (सा) पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या सुरावर असतो. सुट्टीत गुरूंनी सहा-सात वर्षांच्या मुलांचा वर्ग माझ्याकडे सोपवला. मुलं सुरात येईनात, मला रडू यायचं. तरीही दुसऱ्या दिवसाची वाट पाहायचे. मला शाळेत संगीतशिक्षिका व्हायचं आहे. आईबाबा म्हणतात, "एवढा रियाज शाळेत शिकवण्यासाठी केलास का?" मलाही भीती वाटते, की माझं स्वतःचं गाणं मागे पडेल.

उत्तर : तुझी मुलं बेसूर नसावीत. वर्गातही तू सा काळी चारलाच धरला असशील, असा माझा अंदाज आहे. या वयाच्या बहुतेक मुलांचा गळा पेटीच्या मधल्या सप्तकात पांढरी एक ते पांढरी सहा, साधारण एवढ्यातच मोकळा चालतो. तुझा सा त्याच्याही खाली आहे. त्या बिचाऱ्यांना तो लागणार कसा? मग कुणी पुटपुटतं, कुणी भलताच सूर पकडतं, कुणी ओरडतं. त्याच मुलांसाठी सा मधल्या पांढरी दोनला धर. सा ते प एवढी जागा त्यांच्या गळ्यात आरामात बसेल. म्हणजे तुझा तीव्र मध्यम (चढा म) हा त्यांचा षड्ज.

पत्र वाचल्यापासून हेच मनात घोळतं आहे. बारा वर्षं तू एका षड्जाभोवती गळा घडवलास. शिक्षिका व्हायचं तर तो रोज काही तास बाजूला ठेवून दुसऱ्याचा षड्ज शोधावा लागेल, तोही दर तासाला वेगळा. बारा ते चौदा वर्षांच्या मुलग्यांचा आवाज फुटतो आणि हळूहळू जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. त्या काळात आवाज मध्येच दगा देतो आणि वर्ग हसतो. अशा मुलाला चार-पाच सुरांतलं, त्याला झेपेल असं काही गायला देणारी शिक्षिका भेटली, तर तो गाणं सोडत नाही. मी भेटलेल्या कितीतरी मोठ्या माणसांनी "मला गाता येत नाही" हा निकाल याच वयात, वर्गात ऐकला होता.

त्यामुळे तयारी वेगळी करावी लागेल. पेटीवर एकच गाणं चार पट्ट्यांत, म्हणजे सा बदलून, वाजवता आलं पाहिजे. तबल्यावर निदान केरवा आणि दादरा हे ताल हवेत. चाळीस मुलांत कोण चुकतंय हे कानाने हेरायचं आणि त्याला उघडं न पाडता सुधारायचं, हे मात्र पुस्तकातून येत नाही. एखाद्या अनुभवी संगीतशिक्षकाची परवानगी काढ आणि महिनाभर त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बस. प्रार्थना, स्नेहसंमेलनाची धावपळ, परीक्षा जवळ आली की हमखास दुसऱ्या विषयाला दिला जाणारा संगीताचा तास, हे सगळं बघ. ते बघूनही ओढ टिकली, तर निर्णय पक्का समज. कागदोपत्री पात्रतेसाठी, म्हणजे संगीताच्या पदवीबरोबर अध्यापनाची कोणती पदवी लागते यासाठी, तुला हव्या असलेल्या शाळांच्या जाहिराती आत्ताच वाच. पदवी संपेपर्यंत थांबू नकोस.

आईबाबांना विष्णु दिगंबर पलुस्करांबद्दल सांग. मैफल गाजवणारा हा गवई 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून बसला. मुलांसाठी क्रमिक पुस्तकं लिहिली, स्वरलेखनाची पद्धत बसवली आणि शिक्षक तयार करण्यासाठी उपदेशकांचा वेगळा वर्ग चालवला. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय यांनी 1925 मध्ये शाळकरी मुलांचं गाणं ऐकलं आणि त्याचा दर्जा ऐकून ते अस्वस्थ झाले. तेव्हा ते चाळिशी ओलांडलेले, नाव मिळवलेले होते. पुढे बालसंगीताचं शिक्षण हे त्यांचं आयुष्यभराचं काम झालं. ऑपेराचा वाईट संचालक एकदाच अपयशी ठरतो, पण वाईट संगीतशिक्षक तीस वर्षं मुलांच्या मनातलं गाणं मारत राहतो, असं ते म्हणत. या दोघांपैकी कुणीही नाइलाज म्हणून शिकवण्याकडे वळलं नव्हतं.

तुझी भीती मात्र खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. दिवसभर मुलांबरोबर गाणाऱ्या शिक्षकाचा गळा थकतो आणि संध्याकाळी तंबोऱ्यापाशी बसायचं त्राण उरत नाही. म्हणून शाळेआधीचा तास स्वतःसाठी राख. मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, संथ रियाज, तुझ्या काळी चारमध्ये, रोज. वर्गात मुलांच्या बरोबरीने सतत गाऊ नकोस. एक ओळ गा, थांब, त्यांना गाऊ दे, ऐक. गळाही वाचतो आणि कोण कुठे चुकतंय तेही कळतं. वर्षातून एकदा तरी कुठेतरी पूर्ण राग मांड. श्रोते दहा असले तरी चालतील.

पुढच्या सुट्टीत वर्ग पुन्हा मिळाला, तर पहिल्या दिवशी पेटी उघडूच नकोस. प्रत्येक मुलाला खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या मित्राला लांबवर हाक मारायला सांग. ती हाक कुठल्या सुरावर येते ते वहीत टिपून ठेव, आणि मग मला कळव.