संग्रहाआधी एक पुस्तिका

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

कवितासंग्रह छापायला तुझ्याकडेच पैसे मागणाऱ्या त्या प्रकाशकाला होकार देऊ नकोस. पैसे तुझे जातील आणि गठ्ठेही तुझ्याच पलंगाखाली येऊन पडतील. त्यापेक्षा डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर ये. तिथे २०२३पासून पुणे पुस्तक महोत्सव भरतो. प्रवेश मोफत, त्यामुळे पुस्तक घ्यायचं ठरवून न आलेली माणसंही आत शिरतात. कॉलेजातली पोरं, निवृत्त मास्तर, मुलांना फिरवायला आणलेले आईबाप. नव्या कवीला हाच वाचक भेटायला हवा. दुकानात जाऊन तो तुझं नाव घेऊन पुस्तक मागणार नाही.

पण रिकाम्या हातानं येऊ नकोस. दोन फॉर्मांची, म्हणजे बत्तीस पानांची, सेंटर पिन मारलेली पुस्तिका कर. कविता वीसच घे, आणि त्या निवडताना स्वतःवर दया करू नकोस. एखाद्या छोट्या प्रकाशकाला गाठून त्याच्या गाळ्यावर थोडी जागा माग. ही माणसं स्वतः गठ्ठे उचलतात, बिलं फाडतात आणि नव्या लेखकाशी बोलायलाही वेळ काढतात.

मग उभी राहा आणि बघ. वाचक पुस्तिका उचलतो, उलटी करून किंमत बघतो आणि मधलंच एखादं पान उघडतो. त्या क्षणी तू बोलायला लागू नकोस. त्याला वाचू दे. कुठे डोळे थांबले, कुठे अर्ध्यावर पान उलटलं, हे टिपून ठेव. ओळखीतले लोक ‘छान आहे’ म्हणतात, त्यातून एवढं कळत नाही.

संग्रहाची घाई कशाला? अरुण कोलटकर पन्नासच्या दशकापासून लिहीत होते. ‘शब्द’सारख्या अनियतकालिकांतून कविता येत होत्या. त्यांचा पहिला मराठी संग्रह मात्र १९७७ साली आला, तोही अशोक शहाणे यांच्या छोट्याशा ‘प्रास प्रकाशना’कडून. मराठी कवितेत जे नवं आलं, त्यातलं कितीतरी अशाच पदरमोड करणाऱ्या माणसांनी छापलं. म्हणून गाळ्यांवर फिरताना तूही दोन-तीन पुस्तकं विकत घे. नुसती चाळून परत ठेवू नकोस.

पुढे स्वतःच प्रकाशक व्हायचं ठरवलंस, तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे सरकारकडून फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नकोस. आणि १९५४च्या कायद्याप्रमाणे पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवायची असते. मुंबई, चेन्नई आणि दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांनाही एकेक. हे टाळू नकोस. गठ्ठे संपले तरी पुस्तक कुठेतरी सापडायला हवं.

कविता निवडून झाल्या की मुद्रितं माझ्याकडे पाठव. शुद्धलेखन मी बघते.

तुझी,
बाई