होस्टेलमधली निम्मी मुलं झोपेसाठी मॅग्नेशियम घेतायत. मीही सुरू करू का?

लगेच नको. झोपेवरचे अभ्यास थोडे, लहान आणि बरेचसे वयस्कर लोकांवरचे आहेत. विशीतल्या, रात्री दोनला कॉफी पिणाऱ्या मुलांना ते तसेच्या तसे लागू होत नाहीत. आधी कॉफी दुपारनंतर बंद करून बघ.

घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना लेबल वाचता येत नाही, ही खरी अडचण. गोळीत मॅग्नेशियम दुसऱ्या पदार्थाशी जोडलेलं असतं, आणि त्यावरून त्याचे प्रकार पडतात. डबीवर ‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मि.ग्रॅ.’ असेल, तर त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम साधारण १४० मि.ग्रॅ.च असतं. ऑक्साइड या प्रकारात ते वजनाच्या ६० टक्के, पण शरीरात कमी शोषलं जातं. सायट्रेटने पोट सुटू शकतं. परीक्षेच्या आदल्या रात्री प्रयोग नको! अमेरिकेत प्रौढांसाठी गोळ्यांतून दिवसाला ३५० मि.ग्रॅ. ही वरची मर्यादा धरतात.

मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक चालू आहे का? मॅग्नेशियम त्याला आतड्यातच बांधून ठेवतं आणि औषधाचा असर कमी होतो. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचं आणि थायरॉइडच्या गोळीचंही तेच, म्हणून मॅग्नेशियम आणि ही औषधं यांत काही तासांचं अंतर लागतं. किती ते डॉक्टरांना विचार. किडनीचा त्रास असेल तर स्वतःहून घेऊच नकोस.

मॅग्नेशियम कमी आहे का हे बघायला रक्ततपासणीवरही फार विसंबू नकोस, कारण शरीरातल्या मॅग्नेशियमचा एक टक्काही रक्तद्रवात नसतो.

मेसमध्ये भाकरी, डाळ, पालक मिळत असेल तर ते खा. मूठभर शेंगदाण्यांतून ५० मि.ग्रॅ.च्या आसपास मिळतं, भोपळ्याच्या बियांतून त्याच्या जवळपास तिप्पट. डबीपेक्षा स्वस्तही पडतं.