गाडी कार, व्हॅन की मिनीबस हे कायदा कसं ठरवतो?

एकाच सांगाड्यावर बनलेली गाडी कधी कार, कधी व्हॅन, तर कधी मिनीबस म्हणून कशी नोंदवली जाते, असं तुम्ही विचारलंय. गाड्यांच्या कागदपत्रांत माझी बरीच वर्षं गेली. आधी गाडीचं नाव आणि तोंडवळा विसरा. कायदा पहिल्यांदा बघतो ते एवढंच की गाडी माणसं नेण्यासाठी बनवली आहे की माल.

माणसांसाठी असेल तर सीट मोजतात, ड्रायव्हरची सोडून. संयुक्त राष्ट्रांच्या वर्गवारीत, जी युरोपातही चालते, ८ सीटपर्यंतची गाडी एम१, म्हणजे कार. नववी सीट आली की वर्ग बदलतो: एकूण वजन ५ टनांपर्यंत असेल तर एम२, त्यापुढे एम३. बहुतेक मिनीबस एम२ मध्ये येतात. मालाची गाडी ३.५ टनांपर्यंत एन१, म्हणजे साधारण आपली व्हॅन. हे वजन रिकाम्या गाडीचं नव्हे, तर भरलेल्या गाडीचं मंजूर कमाल वजन. इथे फार जण चुकतात.

आणि सीट म्हणजे गाडी जितक्यांसाठी बनवली तितक्या. बारा सीटची गाडी ड्रायव्हरने एकट्याने नेली तरी ती मिनीबसच.

खरी अडचण सीटही आहेत आणि मालाची जागाही, अशा गाड्यांत येते. ब्रिटनमध्ये कोका-कोलाने कर्मचाऱ्यांना दिलेल्या व्हॉक्सहॉल व्हिवारो आणि फोक्सवॅगन कॉम्बी गाड्यांवरून असाच खटला चालला. मूळ गाड्या मालवाहू व्हॅन, पण मागे सीटची दुसरी रांग. प्रश्न कराचा होता: रचना मुख्यतः मालासाठी योग्य आहे का? खालच्या न्यायाधिकरणांनी व्हिवारोला व्हॅन आणि कॉम्बीला कार ठरवलं. २०२० मध्ये अपील न्यायालयाने सगळ्याच कार ठरवल्या. दोन्ही कामांना सारखीच सोयीची गाडी ‘मुख्यतः मालाची’ म्हणता येत नाही, हा तर्क मला पटतो. पण जाणकारांचंही एकमत होत नसेल, तर साध्या गाडीमालकाने गोंधळून गेल्याबद्दल स्वतःला दोष देऊ नये.

देश बदलला की रेषाही सरकते. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हर सोडून ६ पेक्षा जास्त माणसांसाठीचं वाहन व्याख्येने ‘ऑम्निबस’ ठरतं. म्हणजे ड्रायव्हर धरून आठ जणांची घरगुती गाडी एम१ असूनही त्या कायद्याच्या शब्दांत ‘मोटार कार’ नव्हे. भाड्याने चालणारी ६ पेक्षा जास्त आणि १२ पर्यंत प्रवाशांची गाडी तिथे ‘मॅक्सीकॅब’.

म्हणून ‘माझी गाडी कोणती?’ असं नुसतं विचारू नका. लायसन्ससाठी, करासाठी की विम्यासाठी, हे आधी ठरवा, कारण प्रत्येकाची व्याख्या वेगळी असू शकते. नोंदणी प्रमाणपत्रावरचा वर्ग, सीटची संख्या आणि कमाल वजन हे तीन आकडे समोर ठेवून त्या-त्या कायद्याची व्याख्या वाचा. सीट काढायच्या किंवा वाढवायच्या असतील तर पाना हातात घेण्याआधी परवानगी घ्या.