वडिलांच्या एलएफटी रिपोर्टमधले एसजीपीटी, बिलिरुबिन, अल्ब्युमिन म्हणजे काय? लिव्हर निकामी होतंय का?

तुम्ही दिलेले आकडेच समोर ठेवून लिहिते. वडिलांचं वय 58. एसजीपीटी 86, एसजीओटी 52, एकूण बिलिरुबिन 1.6 (त्यात डायरेक्ट 0.3, इनडायरेक्ट 1.3), अल्कलाइन फॉस्फटेज 92, अल्ब्युमिन 4.2, प्लेटलेट 2 लाख 10 हजार, हिमोग्लोबिन नॉर्मल आणि सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर ग्रेड 1'. वडील दारू घेत नाहीत. मी पॅथॉलॉजी लॅबच्या बायोकेमिस्ट्री विभागात काम करते. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांबद्दल काही सांगणार नाही, पण हे शब्द रोज हाताखालून जातात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण जीव त्यातच अडकलाय: लिव्हर निकामी होत असल्याची खूण या आकड्यांत दिसत नाही. का, ते पुढे वाचलंत की पटेल.

'लिव्हर फंक्शन टेस्ट', म्हणजेच एलएफटी, या नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. लिव्हरच्या पेशींना इजा होतेय का, पित्ताची वाट मोकळी आहे का, आणि लिव्हर आपलं काम करतंय का. लोक बघतात फक्त एसजीपीटी, कारण तिथे ठळक अक्षरात 'हाय' छापलेलं असतं. पण एसजीपीटी लिव्हरचं काम मोजतच नाही.

एसजीपीटी म्हणजे सीरम ग्लुटामिक पायरुव्हिक ट्रान्सअमिनेज. नावाच्या शेवटी 'एज' आलं की ते एन्झाइम आहे असं बहुतेक वेळा समजून चालावं. ट्रान्सअमिनेज म्हणजे एका रेणूवरचा अमिनो गट उचलून दुसऱ्यावर ठेवणारं एन्झाइम. हे अ‍ॅलानिन नावाच्या अमिनो आम्लाचा गट काढून घेतं, त्याचं पायरुव्हेट होतं आणि दुसरीकडे ग्लुटामेट तयार होतं. म्हणून नव्या रिपोर्टांत त्याला अ‍ॅलानिन अमिनोट्रान्सफरेज, म्हणजेच एएलटी म्हणतात. एसजीपीटी आणि एएलटी एकच, एसजीओटी आणि एएसटी एकच. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून "यांनी ही टेस्ट केलीच नाही" म्हणणारे बरेच जण भेटतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

या एन्झाइमचं सगळं काम पेशीच्या आत चालतं, रक्तात त्याला काही काम नाही. जुन्या पेशी मरत असतात, त्यामुळे थोडं नेहमीच रक्तात सापडतं. जास्त सापडलं, तर कुठेतरी पेशींची आवरणं गळू लागली आहेत.

86 हा आकडा वजनाचा नाही, वेगाचा आहे. मशीनमध्ये आम्ही सीरममध्ये अ‍ॅलानिन आणि इतर रसायनं घालतो. एसजीपीटी पायरुव्हेट बनवायला लागतं, दुसरं एक एन्झाइम ते लगेच वापरून टाकतं, आणि त्यात एनएडीएच नावाचा पदार्थ खर्च होतो. एनएडीएच 340 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतो. तो जसा संपत जातो तसं शोषण कमी होत जातं. मशीन मोजतं ते एवढंच, उतरण किती जलद आहे. एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल. लिटरमागे 86 युनिट म्हणजे तेवढा वेग.

आणि हा आकडा किती मोठा? हिपॅटायटिस ए किंवा ई झालेल्या माणसाचा एसजीपीटी हजाराच्या पुढे जाताना आम्ही पावसाळ्यात नेहमी बघतो. 86 म्हणजे सौम्य वाढ. पण सौम्य म्हणून सोडून द्यायची नाही. बऱ्याच लॅब 40-45 पर्यंत नॉर्मल छापतात, तर अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 साली पुरुषांसाठी 33 ही वरची मर्यादा सुचवली आहे.

एसजीओटीची गोष्ट थोडी वेगळी. 1954 साली न्यूयॉर्कच्या कार्मेन, रोब्लेव्स्की आणि लाड्यू या डॉक्टरांनी दाखवलं की हार्ट अ‍ॅटॅकनंतर रक्तात एसजीओटी वाढतं. पुढे बरीच वर्षं ती हृदयासाठी केली जाणारी टेस्ट होती; आज त्या जागी ट्रोपोनिन आहे. म्हणजे एसजीओटी लिव्हरची मक्तेदारी नाही. ते हृदयात आहे, हातापायाच्या स्नायूंत आहे, लाल पेशींतही आहे. सॅम्पल घेताना सिरिंज जोरात ओढली गेली की लाल पेशी फुटतात. सेंट्रिफ्यूजमधून ट्यूब बाहेर काढली की वरचं सीरम फिकट पिवळं दिसायला हवं, ते गुलाबी-लालसर दिसतं. अशा सॅम्पलवर एसजीओटी आणि पोटॅशियम खोटंच वाढलेलं येतं, म्हणून आम्ही पुन्हा रक्त मागतो. लोक वैतागतात, पण ते त्यांच्याच भल्याचं असतं. जिममध्ये नव्याने जड वजनं उचलणाऱ्यांचंही एसजीओटी वाढतं, एसजीपीटीसुद्धा थोडं; तिथे सीपीके ही स्नायूंची टेस्ट केली की उलगडा होतो.

वडिलांचं एसजीपीटी जास्त आणि एसजीओटी त्याहून कमी आहे. फॅटी लिव्हरमध्ये सुरुवातीला सहसा असंच दिसतं. दारूने झालेल्या इजेत उलटं असतं, एसजीओटी बहुधा दुपटीहून जास्त.

आता बिलिरुबिन. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते. ती मोडली की हिमोग्लोबिनमधल्या हीमचं आधी हिरवं बिलिव्हर्डिन आणि मग पिवळं बिलिरुबिन होतं. हे पाण्यात विरघळत नाही, अल्ब्युमिनला चिकटून लिव्हरपर्यंत येतं. तिथे त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडलं जातं, मग ते पाण्यात विरघळतं आणि पित्तातून आतड्यात जातं. जोडण्याआधीचं ते इनडायरेक्ट, जोडल्यानंतरचं ते डायरेक्ट. ही नावं शरीराने नाही, परीक्षानळीने दिली आहेत. डच डॉक्टर व्हॅन डेन बर्ग यांना दिसलं की काही सीरम डायझो रसायनाशी लगेच रंग देतात आणि काहींत आधी अल्कोहोल घालावं लागतं. थेट रंग आला ते डायरेक्ट.

वडिलांचं डायरेक्ट 0.3 आहे, वाढलंय ते इनडायरेक्ट. म्हणजे पित्त अडल्याची ही खूण नाही. अडलं असतं तर डायरेक्ट वाढलं असतं, लघवी गडद झाली असती, शौचाचा रंग फिका पडला असता. हिमोग्लोबिन नॉर्मल असताना नुसतं इनडायरेक्ट थोडं वाढलं, तर डॉक्टरांच्या मनात बहुधा पहिलं नाव येतं गिल्बर्ट सिंड्रोम. बिलिरुबिनला आम्ल जोडणारं एन्झाइम जन्मतःच थोडं मंद असतं, एवढंच. त्याने अपाय होत नाही. उपाशी राहिलं, ताप आला, दगदग झाली की आकडा चढतो. वडिलांना विचारा, आदल्या दिवशी एकादशी वगैरे होती का? उपवासाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दिलेल्या सॅम्पलमध्ये हे हमखास दिसतं. लाल पेशी जास्त मोडत नाहीत ना, हे डॉक्टर रेटिक्युलोसाइट काउंटने, म्हणजे नव्या लाल पेशी मोजून, तपासू शकतील.

अल्कलाइन फॉस्फटेज हे अल्कधर्मी द्रावणात जोमाने चालणारं एन्झाइम. पित्तनलिकांत असतं आणि हाडांतही. म्हणून वाढत्या वयाच्या मुलांत ते मोठ्या माणसांपेक्षा जास्त असणं नॉर्मल आहे. वडिलांचं 92 ठीक आहे, त्यावर थांबायला नको.

अल्ब्युमिनवर मात्र थांबा. रिपोर्टच्या तळाशी असतं, कुणी बघत नाही. रक्तातलं हे मुख्य प्रथिन फक्त लिव्हर बनवतं. कामाचा खरा हिशेब इथे आहे, आणि रक्त गोठायला लागणाऱ्या घटकांत, जे पीटी-आयएनआर या टेस्टमध्ये कळतं. अल्ब्युमिनचं अर्धं प्रमाण घटायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून ते उशिरा उतरतं. गोठण्याचे घटक काही तासांत-दिवसांत संपतात, म्हणून आयएनआर लवकर बोलतो. सिरॉसिस (व्रणांनी लिव्हर कडक होणं) झालेल्या माणसाचं एसजीपीटी अगदी नॉर्मल येऊ शकतं आणि अल्ब्युमिन 2.5 वर आलेलं असतं. असे रिपोर्ट घेऊन लोक खुशीत घरी जातात तेव्हा वाईट वाटतं. तुमच्या वडिलांचं 4.2 आहे आणि ते चांगलं आहे.

उरलं फॅटी लिव्हर. सोनोग्राफीतला ग्रेड हा लिव्हर किडनीच्या मानाने किती उजळ दिसतंय यावरून देतात. त्यातून चरबीचा अंदाज येतो. जखमेचा व्रण किती कडक झालाय, म्हणजे फायब्रोसिस, ते त्यातून कळत नाही. आणि पुढचं सगळं त्या फायब्रोसिसवर ठरतं. 2023 पासून या आजाराचं नाव बदललंय, आता त्याला एमएएसएलडी म्हणतात: चयापचयाच्या बिघाडामुळे झालेलं चरबीयुक्त लिव्हर. शुगर, पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड, बीपी यांच्याशी त्याचं नातं आहे, ते नावातच आणलं. वडिलांची एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि लिपिड प्रोफाइल झाली नसेल तर डॉक्टरांना विचारून करून घ्या.

डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची पूर्ण यादी न्या, काढे आणि चूर्णं धरून. 2021 साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली, वाद झाला. पण "घरगुतीच आहे" म्हणून लपवू नका.

आणखी एक गोष्ट तुमच्याकडच्याच आकड्यांतून निघते. एफआयबी-4 नावाचा हिशेब आहे: वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. 58 गुणिले 52 म्हणजे 3016. 86 चं वर्गमूळ 9.27, त्याला 210 ने गुणलं की साधारण 1947. भागाकार 1.55. आकडा 1.3 च्या खाली असता तर फायब्रोसिसची भीती फारशी नव्हती, 2.67 च्या वर असता तर लगेच तज्ज्ञ गाठावा लागला असता. वडील मध्ये आहेत. अशा वेळी पुढची पायरी फायब्रोस्कॅनची असते: बरगड्यांवर प्रोब ठेवून लिव्हर किती कडक आहे ते किलोपास्कलमध्ये मोजतात, सुई नाही, काही मिनिटांचं काम. 8 च्या आत आलं तर सहसा निश्चिंत राहता येतं. फिजिशियनकडे जाल तेव्हा "एफआयबी-4 दीडच्या वर येतोय, फायब्रोस्कॅन करायचा का?" असं थेट विचारा.