ब्रश दिसला की तोंड घट्ट मिटतो

डिचोली तालुक्यातली एक आई पावणेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन आली. ब्रश पाहिला की तो ओठ मिटून घेतो. मग बाबांनी हात धरायचे, आईने ब्रश घुसवायचा आणि बेसिनपाशी रडारड. आजी म्हणते, "दुधाचे दात पडायचेच आहेत, कशाला रडवता पोराला?" आजीचं ऐकायचं की नाही, हे आईला विचारायचं होतं.

आजीचा पहिला अर्धा मुद्दा चूक आहे. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात. त्या किडल्या तर मूल एकाच बाजूने चावतं, रात्री कळ येऊन उठतं. दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात आणि कायमच्या दाताची जागा अडते. रडवण्याबद्दल मात्र आजीचं म्हणणं रास्त आहे. दोघांनी धरून ब्रश घुसवला की मूल शिकतं ते फक्त घाबरायला.

अशा मुलाला हट्टी ठरवण्याआधी तोंड पाहावं. याचा वरचा ओठ उचलल्यावर पुढच्या चार दातांवर हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली. खालचे दात स्वच्छ होते. असं दिसलं की रात्रीच्या बाटलीबद्दल विचारायचंच. झोपेत लाळ कमी होते, दूध वरच्या दातांभोवती साचतं, खालच्या दातांवर जिभेचं पांघरूण असतं. बाटली होतीच, तीही साखर घातलेली.

तोंड मिटण्याची कारणंही साधी निघाली. पेस्ट मोठ्यांची, पुदिन्याची. ती त्याला झोंबत होती. आणि ब्रश दर वेळी ओठाच्या आतल्या मधल्या नाजूक पडद्यावर आपटत होता.

म्हणून बेसिन सोडून पलंग. मुलाचं डोकं आईच्या मांडीवर, पाय पलीकडे. डाव्या हाताच्या बोटाने ओठ उचलायचा आणि त्याच बोटाने तो पडदा झाकायचा. ब्रश छोट्या डोक्याचा, मऊ. पेस्ट १००० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडची. तिसरं वर्ष पूर्ण होईपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहाव्या वर्षापर्यंत वाटाण्याएवढी. वेष्टन वाचूनच घ्या, मुलांच्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड फार कमी असतं, काहींत नसतंच. सुरुवात खालच्या दाढांपासून, शेवट वरच्या पुढच्या दातांवर, कारण त्याची खरी नाराजी तिथेच. ब्रश थोडा तिरका, अर्धे केस हिरडीवर, लहान गोल. वरच्या दाढांची बाहेरची बाजू घासताना तोंड अर्धवट मिटू द्यावं. मोठा आ केला की गाल ताणतो आणि ब्रश शिरत नाही. प्रत्येक भागाला मोठ्याने दहापर्यंत आकडे मोजायचे आणि दहा झाले की खरंच थांबायचं. दहानंतर "अजून थोडंच" म्हणणाऱ्यावर मूल दुसऱ्या दिवशी विश्वास ठेवत नाही. घासून झालं की थुंकायला सांगायचं, चूळ नको.

बाटली एकदम काढली नाही. आधी साखर कमी केली, मग रोज दुधात थोडं जास्त पाणी, शेवटी निव्वळ पाणी. दूध जेवणानंतर, पेल्यातून, ब्रशच्या आधी. चवथीच्या नेवऱ्या आणि जत्रेतलं खाजं बंद करायचं का, असंही आईने विचारलं. गरज नाही, जेवणासोबत द्यावं, दिवसभर हातात नको. दर गोड घासानंतर तोंडात सुमारे अर्धा तास आम्ल राहतं, म्हणून किती खाल्लं यापेक्षा किती वेळा हे महत्त्वाचं. खाजं जत्रेपुरतं असतं. दाढेत चिकटणारी बिस्किटं रोजची.

रात्रीचं जमू लागलं आणि बाबांनी कौतुकाने ब्रश त्याच्याच हाती सोपवला. तो केस चावत बसला, दात तसेच. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या मनगटाला हे नीट जमत नाही. आधी त्याने घासावं, नंतर मोठ्यांनी. सकाळी घाई असेल तर त्याच्या घासण्यानंतर पटकन एक हात फिरवला तरी चालेल. रात्रीची पाळी पूर्ण मोठ्यांची, त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही.

पांढरी रेघ अजून भरून येऊ शकते, म्हणून त्यांना बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात बालदंत विभागाकडे फ्लोराइडच्या लेपासाठी पाठवलं. घरी महिन्यातून एकदा टॉर्च लावून ओठ उचलून पाहायचं. रेघ तपकिरी झाली किंवा तिथे खड्डा दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवायचं.